चढावरचे तीन थांबे

“फॅनकडे बघू नका,” बॅटरीवाला म्हणाला. “काट्याकडे बघा.”

लॉन्ड्रीवाला पिकअपचं स्टेअरिंग धरून बसला होता. इंजिन दहा मिनिटं चालू होतं आणि तापमानाचा काटा मधोमध शहाण्यासारखा उभा होता. मग पुढे फॅन घरघरत सुरू झाला आणि काटा एका झटक्यात लाल पट्ट्यात गेला. लॉन्ड्रीवाल्याचा हात सवयीने चावीकडे गेला.

“बंद करू नका.” बॅटरीवाल्याने बॉनेटखाली वाकून फॅनची वायर उपटली. काटा जागेवर आला. वायर परत लावली, काटा पुन्हा लाल. “पाणी काय असं एका सेकंदात तापतं आणि एका सेकंदात निवतं होय, दादा?”

गेले दोन महिने लॉन्ड्रीवाला हे एकच दुखणं घेऊन दारोदार हिंडत होता. पहिल्या मेकॅनिकने रेडिएटर धुऊन दिला. दुसऱ्याने थर्मोस्टॅट बदलला, रिले बदलला आणि शेवटी गाडी विकून टाकण्याचा सल्ला दिला. शेवटचा उपाय म्हणून तो गाड्यांचं वायरिंग बघणाऱ्या या बॅटरीवाल्याकडे आला होता.

“फॅनची अर्थिंग आणि काट्याची अर्थिंग एकाच बोल्टला आवळलीय. तोही गंजलेला. फॅन लागला की काट्याचं डोकं फिरतं. गाडी तापत नाहीये. उलट फॅन लागतो तेव्हाच ती गार होत असते आणि नेमकी तेव्हाच तुम्ही ती बंद करता.” त्याने फडक्याला हात पुसले. “फॅन कंपनीचा दिसत नाही, बाहेरचा आहे. कोणी बसवला?”

“होता एक,” लॉन्ड्रीवाला म्हणाला.

तो एक म्हणजे तो स्वतःच. मूळचा फॅन मोडला तेव्हा त्याने बाजारातून हा इलेक्ट्रिक फॅन आणला आणि फोनवर व्हिडिओ बघत एका रविवारी बसवला. नवं भोक पाडायचा कंटाळा आला, म्हणून होता त्याच बोल्टवर वायर चढवली. पुढे आठवडाभर भेटेल त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक ऐकवलं.

दोन महिन्यांपूर्वी सकाळी मेहुण्याचा फोन आला होता. आईचं काही खरं नाही, असाल तसे निघा. सासूबाई घाटाच्या वर, लेकाकडे राहत. पिकअपमधले हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे तसेच ठेवून नवरा-बायको निघाले. चढ लागला आणि काटा लाल झाला. इंजिन फुटलं तर वाटेतच अडकू, या भीतीने त्याने गाडी थांबवली आणि बायको पाण्याचा कॅन घेऊन खाली उतरली. अर्धा तास. पुढे दुसऱ्या वळणावर पुन्हा अर्धा तास. तिसऱ्या वेळी तर वरची घरं दिसत होती आणि तो काट्यावर डोळे लावून बसला होता. पोचले तेव्हा सासूबाई जाऊन वीस मिनिटं झाली होती.

तेव्हापासून बायको त्याच्याशी कामापुरतं बोलायची. किती गठ्ठे आले, कुठल्या हॉटेलचे, जेवायला बसा. त्या दिवसाबद्दल तिने चकार शब्द काढला नव्हता. तो मात्र थांबल्याबद्दल येता-जाता स्वतःलाच बोल लावायचा. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला रोज वाटायचं. निदान त्यालाही चार शब्द बोलता आले असते.

बॅटरीवाल्याने नवा बोल्ट टाकून अर्थिंग वेगळी केली. फॅन लागला, काटा हलला नाही. घरी परतताना लॉन्ड्रीवाल्याने एक खोटं जुळवलं. पाण्याचा पंप गेला होता, त्या दिवशी खरंच पुढे जाता आलं नसतं. त्याने ते दोनदा पुटपुटून बघितलं. दोन्ही वेळा बरं वाटलं.

दुकानात बायको चादरींच्या ढिगापाशी उभी होती. त्याला बघून तिने एका चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही.

“काय निघालं?” तिने विचारलं.

“पाण्याचा पंप...” तो म्हणाला आणि थांबला. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याला इतक्या जवळून बऱ्याच दिवसांनी दिसली. जुळवलेलं सगळं गळून पडलं. “काही नाही निघालं. गाडी तापतच नव्हती. माझ्या वायरिंगमुळे काटा खोटा चढायचा. त्या दिवशी आपण उगाच थांबलो. आईंची भेट माझ्यामुळे चुकली.”

तिने चादर ताणून धरली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “पाणी घालायला मीच उतरत होते ना. पहिल्याच वळणावर बघितलं. रेडिएटरची बाटली काठोकाठ भरलेली होती, पाणी उकळतही नव्हतं. कॅनमधलं पाणी मी गवतात ओतलं. तिन्ही वेळा.”

त्याच्या हातातलं एक टोक सुटलं. “मग बोलली का नाहीस?”

“दोन महिने तुम्ही स्वतःला दोष देत होतात आणि मी देऊ दिला. माझी जीभच उचलत नव्हती.” तिने वाकून ते टोक उचललं आणि त्याच्या हातात परत दिलं. “वर पोचायचीच भीती वाटत होती हो. पोचलो की आई जाणार, असं वाटायचं. वाटेत होतो तोवर ती होती.”