समीक्षाबाईंची चर्चा

"तेवढा चर्चेचा भाग काढून टाक ना रे," समीक्षा पुन्हा म्हणाली.

कर्जतच्या कॉलेजात घाटवाटांच्या इतिहासावर परिषद झाली होती. तिथली सगळी भाषणं, नंतरच्या चर्चांसकट, संगणक शिकवणाऱ्या मनोजने यूट्यूबवर टाकली होती. समीक्षाचा तो पहिलाच निबंध. त्यावर पुण्याच्या सरांनी शंका काढली, तेव्हा तिने त्यांना असं काही फैलावर घेतलं की स्टाफरूममध्ये अजून तिची नक्कल चालायची. बिचारीला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

"अगं, ते काढलं तर उरेल काय? बाकीची भाषणं तर बोलणाऱ्यांनीसुद्धा बघितली नाहीत," मनोज म्हणाला.

खरंच, तेवढ्याच व्हिडिओचे व्ह्यूज रोज वाढत होते. कमेंटही येत होत्या, सगळ्या ठाकुरवाडीच्या कुणा हिरूच्या.

'बाईंचा आवाज अजून मोठा पायजे.'

'पुण्याचे सर लय हळू बोलतात. त्यांना काढा.'

'ही आता जुनी व्हायला लागली. नवीन चर्चा टाका, नायतर आमचं नुकसान होईल.'

शेवटची वाचून समीक्षाचे डोळे भरून आले. इतिहासावाचून कुणाचं नुकसान होतं, हे तिला नोकरीत पहिल्यांदाच कळत होतं.

तिने कमेंट प्राचार्यांना दाखवल्या. "कोण बघतं? बंद करा ते चॅनल," म्हणून वर्षभर मागे लागलेले प्राचार्य विरघळले. पुढची परिषद मंजूर झाली, चर्चेला जास्तीचा वेळ मिळाला आणि हिरूचा सत्कार करायचं ठरलं.

रविवारी शाल-नारळ घेऊन समीक्षा आणि मनोज ठाकुरवाडीला निघाले. वाडी दिसायच्या आधीच समीक्षाला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"आधी मला बोलू द्या, सर!"

वालाच्या शेताच्या बांधावर आंब्याला कर्णा बांधला होता. म्हणजे अख्ख्या वाडीला ऐकवतात! हाच व्हिडिओ आपण काढायला निघालो होतो, या विचाराने ती खजील झाली.

हिरू शेतातून धावत आला. सत्काराचं ऐकून लाजला, पण शाल त्याने खुशीत पांघरून घेतली.

"इतकी आवडते आमची चर्चा?" समीक्षाने विचारलं.

"म्हंजे काय, बाई. औंदाचा वाल तुमच्यामुळंच हाती लागला."

त्याने एकदा पलीकडच्या झाडांकडे नजर टाकली आणि कर्ण्याचा आवाज वाढवला.

"गाण्यांना सरावली होती वानरं. तुमाला अजून भितात."