अठराची बॅटरी

तुळईत भोक अर्धंच पडलं आणि ड्रिल मशीन घरघरून थांबलं. बॅटरी उतरली होती. भारनियमन; लाइट येणार ती रात्रीच, आणि बारशाच्या बाया उन्हं कलता येणार होत्या. पाळण्याची कडी हातात धरून कमळू स्टुलावर तसाच उभा राहिला.

"ही घ्या दाजी." मंगळ्याने पिशवीतून आपली बॅटरी काढली. कमळूच्या बायकोचा, सावळीचा, हा भाऊ कल्याणला फर्निचरच्या कामावर होता, भाचीच्या बारशाला आलेला. "फुल चार्ज हाय. मशीन तेवढं कामावरच राहिलं."

कमळूने ती उलटीपालटी करून पाहिली. "ही अठरा व्होल्टची. माझं मशीन बाराचं."

"खोबणी तीच ना? ही एवढी खिट्टी आडवी येते. पटाशीने उडवा. बॅटरी माझी हाय, मी बोलतो ना."

"बाराला अठरा लावली तर मशीनचे बारा वाजतील."

"एका भोकाने काय होतंय? उलट फास्ट पडेल."

शेणव्यापासून सापगावपर्यंत दारं-खिडक्या बसवत कमळू याच मशीनवर फिरायचा. दुसरं नव्हतं. पण पहिल्या लेकीचं बारसं तरी दुसरं कुठून आणायचं? तो खाली उतरला. पटाशी उचलून खिट्टीवर टेकवली.

कोपऱ्यात सावळी बाळाला पाजत होती. तिथूनच म्हणाली, "दादा, तुझ्या पोराची, रोशनची भाकर हिला भरवू का रे? तोंड तर दोघांना पण हाय."

"भरव की गो," मंगळ्या हसला. "लवकर मोठी होईल."

कमळूने मात्र पटाशी खाली ठेवली. मशीनमधलं बिट सोडवलं, पकडीत घट्ट धरलं आणि स्टुलावर चढून हातानेच पिळायला लागला. जुनं सागाचं लाकूड. चिमूटभर भुसा पडायचा, पुन्हा हात अडायचा.

"सकाळ होईल दाजी."

"होऊ दे."

सावळी खालून बघत राहिली. मान वर, भुवयांवर भुसा, दंड भरून आलेले, पण हात काही थांबत नव्हता. मशीन त्याने जाता जाता तिच्या गोधडीच्या कडेला ठेवलं होतं, बाळाच्या टोपड्याशेजारी.

मंगळ्याने जरा वेळ पाहिलं. मग बाह्या वर सारल्या. "उतरा तुमी. मला पण हात हायेत."

बाया अंगणात आल्या तेव्हा कडी बसली होती आणि मंगळ्या तिला लोंबकळून बघत होता.

बाळाआधी पाळण्यात वरवंटा निजवायचा असतो. कमळूची आई अंबूबाई तो आणायला चुलीकडे निघाली आणि मध्येच थांबली. भुशात पडलेली अठराची बॅटरी तिने उचलली. हातात तोलली. फडक्यात गुंडाळून तिला कुंकू लावलं आणि पाळण्यात ठेवलं.

"निज हां बाय," पहिला झोका देत ती म्हणाली, "तुझं मशीन कल्याणला हाय."