कारणाचा रकाना

सर्वेक्षणाला आलेली मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मावशी मात्र ओट्याशी रिकामे डबे धूत होत्या. प्रत्येक पत्र्याच्या डब्याचं कापलेलं झाकण त्या पक्कडीने आत दुमडत, कडेवर चिकटपट्टी लावत आणि मगच डबा कोरड्या कचऱ्याच्या पिशवीत ठेवत.

"अख्ख्या इमारतीत एवढं कुणी करत नाही, मावशी. तुम्ही कशासाठी करता? पर्यावरण, दंडाची भीती, की सवय?"

"तुला सोपं पडेल ते लिही, बाळा."

"असं कसं? खरं कारण सांगा ना."

मावशींनी नळ बंद केला.

"माझी लेक कचरा वेगळा करायच्या केंद्रात कामाला होती. काम करताना डब्याचं झाकण तळहातात घुसलं. जखम चिघळली आणि आठव्या दिवशी ती गेली."

मुलीचं पेन थांबलं. "काय माणसं असतात एकेक! कसंही फेकून मोकळी होतात."

"हो ना," मावशी पुढचा डबा उचलत म्हणाल्या.



झाकण दुमडता दुमडता त्याच पुढे म्हणाल्या, "मीही तेव्हा तशीच फेकायचे. आणि आपल्या गल्लीची कचऱ्याची गाडी तिच्याच केंद्रात रिकामी होते."