बारा मिनिटं

२००८चा ऑक्टोबर. इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या मुकुंदने शेजारच्या श्रीरंगबरोबर एका गाडीतून ऑफिसला जाणं बंद केलं. अमेरिकेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क दोघांनाही नव्हता, पण मुकुंद डेमोक्रॅट्सच्या बाजूचा आणि श्रीरंग रिपब्लिकनांच्या. रविवारी टीव्हीवर येणारा अमेरिकन विश्लेषक रिपब्लिकनांना विकला गेलाय, याबद्दल मुकुंदला तिळमात्र शंका नव्हती. श्रीरंगच्या मते तो डेमोक्रॅट्सचा पाळलेला माणूस होता.

शेवटी वैतागून मुकुंदच्या बायकोने, देवयानीने, एका रविवारी दोघांना आपल्या सोफ्यावर बसवलं. नवऱ्याच्या हातात स्टॉपवॉच दिलं, श्रीरंगच्या हातात किचनमधला टायमर.

"तुमच्या तुमच्या पक्षाला तो किती वेळ झोडपतो, ते मोजा. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

कार्यक्रम संपला. मुकुंदच्या स्टॉपवॉचवर बारा मिनिटं. श्रीरंगच्या टायमरवरही बारा.

मुकुंदने दोन्ही आकडे पुन्हा पाहिले. दार बंद आहे ना, तेही पाहिलं. मग तो श्रीरंगच्या कानाशी वाकला.

"इतकं तंतोतंत? अरे, हा दोन्हीकडून खातोय!"



"तरीच!" श्रीरंग म्हणाला. "उद्या आठला तयार राहा. गाडी मी काढतो."