वाढदिवसाची दोन खोकी

"काका, गेमिंगला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड भारी की एएमडीचं?" पोरांनी भरलेल्या कॉम्प्युटरच्या दुकानात हे मोठ्यानं विचारायची पैज मैत्रिणींनी लावलेली. मी विचारलंच की!

"तुझ्याकडं काय हाय?"

"कार्ड एएमडीचं, स्क्रीन जुन्या पद्धतीच्या जी-सिंकचा. पण गेममध्ये गाडी पळवली की चित्र फाटतंय."

"फाटणारच की! एएमडीला फ्रीसिंकचा स्क्रीन लागतोय. तुझा स्क्रीन फक्त एनव्हिडियाशी जुळतोय. दोन्ही वस्तू भारी हायत, पण एकमेकांच्या न्हाईत. घेताना घरात बोलला न्हाईसा व्हय?"

मैत्रिणी खिदळल्या. मीही हसले. वाढदिवसाला कार्ड पप्पांनी आणलेलं, स्क्रीन आईनं. दोन वर्षं झाली, ती दोघं एकमेकांशी बोलतात ते माझ्यामार्फतच. आणि हे तर माझंच सरप्राइज. ते माझ्याकडून कसं कळवणार?

घरी येऊन दोघांना सगळं सांगितलं. दोघं एकाच सोफ्यावर बसलेली.

आई मला म्हणाली, "पप्पांना विचार, कार्ड बदलून मिळतंय का."

पप्पा मला म्हणाले, "आईला सांग, स्क्रीनच बदल म्हणावं."

मी म्हटलं, "दहावी झाली की मी गारगोटीला हॉस्टेलात राहणार हाय."