पांढरी रेघ

ट्रकचं चाक थांबवणाऱ्या ब्रेक कॅलिपरवरून बोल्टच्या डोक्यावर, तो आवळल्याची खूण म्हणून ओढलेली पांढरी रेघ दोन मिलिमीटर सरकून तुटली होती. म्हणजे बोल्ट ढिला झाला होता.

“गाडी नका काढू,” मंदा नवऱ्याला म्हणाली. “मागं मजूर बसलेत. घाटात ब्रेक लागायचा नाय.”

“लई शानी झालीस व्हय!” रोहिदासने हातातला पाना तिच्या तोंडावर मारला. ती रक्ताळून पडली. बोल्ट न आवळताच त्याने ब्रशने नवी, सरळ रेघ ओढली. “बघ, झाली का नीट?”

त्याची आई, चिमाबाई, घराच्या दारातून बघत होती. आजवर दर वेळी ती सुनेच्या जखमेवर हळद लावायची आणि शेजाऱ्यांना ‘पाय घसरून पडली’ म्हणून सांगायची. आज तिने आधी मजुरांना खाली उतरवलं. मग सुनेला हात दिला.

“ऊठ मंदे. जुन्नरला चौकीवर चल. माझा ल्योक तुला मारतो, ह्ये मी सांगते.”