रोजचा रस्ता

अपूर्व शिकायला टोरांटोला गेला, तेव्हा त्याने पनवेलला आईवडिलांना त्या शहराचा नकाशा पाठवला आणि आपल्या खोलीवर लाल फुली मारली. त्र्यंबकराव कचेरीतून दमून येत. पण संध्याकाळी साडेसहाला, तिकडे सकाळ झाली की, नकाशा पसरून फुलीपासून विद्यापीठापर्यंत सावकाश बोट चालवत.

"अहो, जपून. बर्फ असेल," सत्यवतीबाई पोळ्या लाटता लाटता म्हणत.

"बूट घातलेत त्याने. तू मध्ये बोलू नकोस, सिग्नल आहे."

फेब्रुवारीत एअरमेलचं पत्र आलं. 'ती खोली दिवाळीतच सोडली. आता विद्यापीठाच्या आवारातच राहतो. तुमची पत्रं आधीपासून विद्यापीठाच्याच पत्त्यावर येतात, त्यामुळे कळवायचं राहून गेलं.'

सत्यवतीबाईंनी पत्राची घडी घातली. "म्हणजे तीन महिने तुम्ही एकटेच चालत होतात."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्र्यंबकरावांनी पुन्हा नकाशा पसरला आणि बोट विद्यापीठावर ठेवलं.

"आता कुठे निघालात?"

 

"त्याला पोचवून झालं. आता परत यायचा रस्ता बघतोय."